बर्लिनचा जकात नाका

आमच्या गावी पत्ता सांगताना अजूनही ‘जकात नाक्याच्या अलीकडे’ किंवा ‘नाका ओलांडलात की डाव्या हाताला’ असंच सांगतात. नाका जाऊन जमाना झाला. पत्र्याची खोली गेली, आडवा बांबू गेला, बांबूच्या बुडाशी तारेने बांधलेला धोंडाही कोणीतरी नेला. त्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि बाजूला वडापावची गाडी. जकात कशाशी खातात हे ठाऊक नसलेली पोरं ‘नाक्यावर भेटू’ म्हणतात. माझे वडील, अण्णा, त्या नाक्यावर एकवीस वर्षं कारकून होते.

म्हणून मार्च महिन्यात बर्लिनला भाचीकडे गेले असताना, तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिता पिता एका पुस्तिकेत वाचलं की ब्रांडेनबुर्ग दरवाजा हा मुळात शहराभोवतीच्या जकातीच्या भिंतीतला एक दरवाजा, तेव्हा कप हातातच राहिला. पोस्टकार्डांवरचा, बातम्यांतला, जर्मनीने आपल्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांवर छापलेला तो खांबांचा दिमाख म्हणजे नाकाच की!

‘अगं मावशी, लोक तिथे इतिहास बघायला जातात,’ भाची म्हणाली.

‘जाऊ देत. मी कारकून कुठे बसायचा ते बघणार आहे.’

जमिनीखालच्या लोकलने गेलो. स्टेशनचं नाव आता ब्रांडेनबुर्ग दरवाजा असंच आहे. २००९ पर्यंत ते ‘उंटर डेन लिंडन’ होतं, आणि १९६१ ते १९९० या वर्षांत तिथे गाडी थांबतच नव्हती. पश्चिम बर्लिनमधून निघालेली लोकल पूर्व बर्लिनच्या पोटाखालून, मिणमिणत्या दिव्यांच्या आणि पहारेकऱ्यांच्या फलाटांवरून न थांबता जायची आणि पुन्हा पश्चिमेतच वर यायची. आमच्याकडे गावातून नुसता पुढे जाणारा माल असला तर त्यावर जकात नसे. अण्णा त्याला वेगळी चिठ्ठी फाडून द्यायचे. अट एवढीच, की ट्रकने मध्ये कुठे माल उतरवायचा नाही आणि ठरल्या वेळात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नाक्यावर ती चिठ्ठी परत करायची. त्या फलाटावर पाय ठेवताना मला गुलाबी कागदाची ती चिठ्ठी आठवली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं इथले प्रवासी म्हणजे असाच, न उतरवायचा माल.

जिना चढून वर आलो. पहिलं मत काय झालं ते सांगून टाकते: लहान आहे. पुढचा चौक मोठा, बाजूची दूतावासांची आणि हॉटेलांची नवी घरं उंच, आणि त्यांच्यामध्ये हा फिकट तपकिरी दरवाजा थोडा अंग चोरून बसल्यासारखा. उंची वरच्या रथासकट २६ मीटर. मुंबईचं गेटवेही २६ मीटरच आहे, पण त्याच्यामागे समुद्र असतो आणि समुद्राने कोणतीही इमारत मोठी दिसते. इथे मागे झाडं, ढग आणि सायकली.

जवळ गेल्यावर मत बदललं. सहा खांब पुढे, सहा मागे; प्रत्येक जोडी भिंतीने सांधलेली. त्यामुळे आरपार जायला पाच बोळ तयार होतात, मधला इतरांपेक्षा रुंद. कार्ल गोटहार्ड लांगहान्स या वास्तुरचनाकाराने १७८८ ते १७९१ या काळात हे बांधकाम केलं, राजा दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासाठी. नमुना म्हणून समोर होतं अथेन्सच्या अक्रोपोलिसवर चढून जाताना लागणारं प्रोपिलेया हे महाद्वार. लांगहान्सने ग्रीस पाहिला नव्हता. पुस्तकांतल्या चित्रांवरून त्याने अथेन्स उभं केलं, आणि करताना आपल्या मनाचंही थोडं घातलं. ग्रीकांचे डोरिक खांब थेट फरशीतून वर येतात, त्यांना बैठक नसते. लांगहान्सच्या खांबांना पायाशी गोल बैठकी आहेत. मला हे आवडलं. ऐकीव पाककृतीवरून पदार्थ करणारी बाई शेवटी आपल्या हाताचा एक मसाला टाकतेच, तसं.

पण विचार करा, जकात नाक्याला अथेन्सच्या देवळाचं महाद्वार! अण्णांच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर पावसात गळायचं आणि ते पावतीपुस्तक धोतराच्या सोग्यात धरून बसायचे. नवा पत्रा मागणारा त्यांचा अर्ज चार वर्षं फिरत होता. इथल्या राजाला मात्र उंटर डेन लिंडन या लिंडनच्या झाडांच्या रुंद रस्त्याच्या शेवटी शोभेचं काहीतरी हवं होतं. आधीच्या दरवाजाचे साधे खांब त्याच्या डोळ्यांत खुपत असणार. ६ ऑगस्ट १७९१ रोजी नवा दरवाजा वाहतुकीला खुला झाला तोही कसल्याच समारंभाशिवाय. राजा आलासुद्धा नाही. ही एक गोष्ट तरी आमच्या नाक्यासारखी.

जकातीची भिंत या दरवाजाच्या आधीची, १७३० च्या दशकातली. सुरुवातीला बरीचशी लाकडी मेढेकोटाची होती, पुढे दगडी झाली. शत्रूला अडवण्याचा तिचा हेतूच नव्हता. तोफेचा एक गोळाही तिने झेलला नसता. शहरात येणाऱ्या मालावर कर घ्यायचा तर तो माल ठरावीक तोंडांतूनच यायला हवा, एवढ्यासाठी ती. पुढच्या शतकात दळलेल्या पिठावर आणि कापलेल्या जनावराच्या मांसावरचा करही याच वेशींवर घेत असत. अण्णांना ही भिंत बघून हेवा वाटला असता. त्यांच्या नाक्याच्या दोन्ही अंगांना उघडी शेतं. ज्याला जकात चुकवायची तो बैलगाडी बांधाबांधाने घालून ओढ्यातून गावात शिरायचा, आणि अण्णा बांबूपाशी उभे राहून लांबून कंदिलाचा हलता उजेड बघत बसायचे. ‘जाऊ दे, गूळच असेल,’ म्हणायचे. एक माणूस, एक बांबू, काय धावणार?

बर्लिनच्या त्या भिंतीचं आणखी एक काम होतं, आणि ते वाचल्यावर मी ती पुस्तिका मिटून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. शहरात तैनात असलेले शिपाई पळून जायचे. प्रशियाच्या सैन्यातली नोकरी, तिथली छडी आणि शिस्त नकोशी झालेले. त्यांना आत ठेवायलाही ती भिंत उपयोगी पडे. म्हणजे १९६१ मध्ये याच ठिकाणी, याच दरवाजासमोर माणसांना आत डांबायची जी भिंत उभी राहिली तिची एक बारीकशी पणजी सव्वादोनशे वर्षं आधी इथे होऊन गेली होती. गावाला वेस असते ती बाहेरच्यांसाठी, असं आपण समजून चालतो. वेशीवरचा पहारेकरी मात्र दोन्हीकडे बघत असतो.

आणि वेस सगळ्यांना सारखी नसते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ‘वेशीबाहेर’ हा आपल्या भाषेतला साधा दिशादर्शक शब्द नाही, त्यात कोणाची वस्ती कुठे हे अख्खं शास्त्र आहे. बर्लिनमध्ये ज्यूंनी कोणत्या वेशीतून यायचं तेही ठरलेलं होतं. १७४३ मध्ये डेसाउ गावाहून चौदा वर्षांचा एक मुलगा गुरूच्या मागोमाग शिकायला या शहरात आला. त्याने उत्तरेच्या रोझेनथाल दरवाजातून प्रवेश केला, कारण ज्यूंसाठी तो होता. हा मोझेस मेंडेलसोन, पुढे युरोपभर नाव झालेला तत्त्वज्ञ. संगीतकार फेलिक्स मेंडेलसोनचा आजोबा. त्या काळी जर्मन मुलखांत ज्यू माणसाला सरहद्दीवर, वेशीवर स्वतःच्या देहाबद्दल कर द्यावा लागे. जनावराला लागतो तसा माणशी कर. प्रशियात तो १७८० च्या दशकाच्या अखेरीस, या दरवाजाचं काम सुरू व्हायच्या सुमारास रद्द झाला. मी अण्णांच्या दरपत्रकाची पुठ्ठ्याला चिकटवलेली यादी कित्येकदा वाचली होती. गुळाची ढेप, भुईमुगाचं पोतं, तुपाचा डबा, चामड्याचा गठ्ठा. त्या यादीत एक ओळ माणसाची असती तर अण्णांनी काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पावती फाडली असती, असं मला वाटतं. चांगला माणूस होता. पण नोकरी होती.

भाची फोटो काढायला गेली होती. मी मधल्या बोळात शिरले.

हा मधला बोळ राजाचा. राजघराण्यातल्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनीच त्यातून जायचं, बाकीच्या शहराने बाजूच्या बोळांतून. १९१८ मध्ये राजेशाही संपली तोवर हाच शिरस्ता होता. आता कोणीही जातं. माझ्यापुढे एक बाई बाबागाडी ढकलत गेली, मागून दोन शाळकरी पोरं पावाचा एकच तुकडा दोघांत खात आली. कोणी मान वर करून बघतही नव्हतं. आमच्या नाक्यावर बोळ एकच होता, पण लाल दिव्याची गाडी लांबून दिसली की तिच्याआधीच बांबू वर जायचा. त्या वेळी अण्णा सदऱ्याची वरची गुंडी लावायचे. एरवी कधी लावत नसत.

बोळाच्या आतल्या भिंतींवर हर्क्युलिसचे पराक्रम कोरलेले आहेत, सिंहाला लोळवणारा, राक्षसांशी झुंजणारा. मला त्याहून खांब बघावेसे वाटले. एल्बे नदीकाठच्या डोंगरांतला हा वालुकाश्म. हात फिरवला तर साखरेच्या जाड दाण्यासारखा खरखरीत लागतो. आणि जागोजाग ठिगळं. खांबाच्या उभ्या पन्हळींमध्ये चौकोनी, आयताकृती तुकडे बसवलेत, काही मूळ दगडापेक्षा फिके, काही काळसर. सांधे नीट बघितले तर बोटाच्या नखात येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या गोळ्यांची ही रफू. चांगल्या रफूगराचं काम लांबून दिसत नाही, जवळून मात्र तोच मोठेपणा वाटतो. एका खांबावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, एका ठिगळातच पुन्हा छोटं ठिगळ होतं. का ते कळलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हवामानबदलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांनी या खांबांवर नारिंगी रंग फवारला होता. दगड सच्छिद्र, रंग आत मुरला आणि नुसत्या धुण्याने निघेना. मी त्याचा माग शोधला; मला तरी दिसला नाही. भाची म्हणते दिसतो.

मग पश्चिमेला बाहेर पडून मागे वळून पाहिलं आणि हसू आलं. दरवाजाच्या माथ्यावर चार घोड्यांचा रथ हाकणारी पंखवाली देवी आहे, आणि या बाजूने दिसतात ती घोड्यांची मागची अंगं. पूर्व जर्मनीच्या सरकारने मुद्दाम रथ फिरवून पश्चिमेला पाठ केली, असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. तो पहिल्यापासून पूर्वेलाच तोंड करून आहे. शहर तिकडे होतं. देवी बाहेरून शहरात येते आहे, आणि येणाऱ्याचं पुढचं तोंड दिसणार ते गावातल्या माणसांनाच.

हा रथ योहान गोटफ्रीड शाडो या शिल्पकाराचा. १७९३ मध्ये वर चढवला. मी तो ओतीव असेल असं धरून चालले होते. तसा नव्हता, तो घडवला होता तांबटाने. पॉट्सडामचा एमानुएल युरी नावाचा तांब्याचा कारागीर, त्याने पत्रा ठोकून ठोकून घोड्यांची पोटं आणि देवीची वस्त्रं उठवली. पुण्याच्या तांबट आळीतून जाताना हंड्यावर मठारकाम करणाऱ्या हातोडीचा जो एका लयीतला आवाज येतो, तोच आवाज तेव्हा पॉट्सडामच्या एखाद्या कारखान्यातून येत असेल. त्या एवढ्या मोठ्या घोड्याच्या आत पोकळीच असते, हंड्यासारखी.

देवी शांतीची की विजयाची, हा घोळ पहिल्यापासूनचा आहे. दरवाजाला म्हणायचे शांतिद्वार. मग नेपोलियन आला. येनाजवळची लढाई जिंकून २७ ऑक्टोबर १८०६ रोजी तो याच दरवाजातून शहरात शिरला, आणि त्याच साली डिसेंबरात रथ उतरवून, खोक्यांत भरून पॅरिसला रवाना झाला. बर्लिनच्या लोकांनी नेपोलियनला ‘घोडेचोर’ म्हणायला सुरुवात केली. आठ वर्षं दरवाजाचा माथा बोडका होता. १८१४ मध्ये नेपोलियन हरल्यावर खोकी परत आली. तेव्हा लोकांनी रथाला नाव ठेवलं ‘रेटूरकुत्शे’: परतीची गाडी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘उलट टोला’. राजाने कार्ल फ्रीडरिश शिंकेलकडून देवीच्या हातातल्या काठीवर लोखंडी क्रूस, ओकच्या पानांचा वेढा आणि वर गरुड बसवून घेतला, समोरच्या चौकाचं नाव पॅरिस चौक ठेवलं, आणि शांतीचा विषय संपला. यातलं मला खरं आवडलेलं म्हणजे ते नाव. विजय, क्रूस, गरुड हे राजांचं. घोडेचोर आणि परतीची गाडी हे चहाच्या टपरीवरचं.

जकातीची भिंत १८६० च्या दशकाच्या शेवटी पाडायला घेतली. शहर तिच्याबाहेर केव्हाच सांडलं होतं. तिला अठराएक दरवाजे होते, त्यांतला हा एकच शिल्लक राहिला. त्याच सुमारास दोन्ही अंगांच्या जुन्या इमारतींना, जिथे पहारा आणि जकातीचं काम चाले, मोकळ्या खांबांच्या पडव्या लावून दिल्या. भिंतीला टेकून असलेलं दार एकाएकी चारी बाजूंनी सुटं झालं. तिथून पुढे त्याच्यातून जाणं ही गरज उरली नाही. वळसा घालूनही जाता येत होतं. आणि नेमकं तेव्हापासून जो तो त्याच्यातून वाजतगाजत जाऊ लागला.

या शहरात एक मराठी बाई दोनेक वर्षं राहून गेली. ललित निबंध लिहू पाहणाऱ्या कोणालाही तिच्या अंगणातून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या इथे मानववंशशास्त्राची पीएच. डी. करायला आल्या. डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर या प्राध्यापकाच्या हाताखाली माणसांच्या कवट्या मोजायचं काम. कवटीची डावी-उजवी बाजू कितपत असमान असते, आणि त्यात वंशावंशांत फरक आहे का, हा विषय. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्यांतला. इरावतीबाईंच्या मोजमापात युरोपीय आणि इतर कवट्यांमध्ये तसा भेद निघाला नाही, आणि त्यांनी निघाला नाही असंच लिहिलं. ऐन पंचविशीच्या आत-बाहेरची, परमुलखातली विद्यार्थिनी. त्या काळात या दरवाजाच्या बोळांतून मोटारी आणि बसगाड्या सर्रास जात. त्या कोणत्या तरी रविवारी इथे आल्याच असणार. मला त्या उंच, ताठ चालीने बाजूच्याच बोळातून जाताना दिसतात, मधला मोकळा झालेला असूनही.

त्या परतल्यावर तीन वर्षं होतात न होतात तोच, ३० जानेवारी १९३३ च्या रात्री, हिटलर चॅन्सेलर झाल्याचा जल्लोष करत हजारो मशाली या दरवाजातून आल्या. फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. दरवाजाला अगदी लागून उत्तरेला माक्स लीबरमान या चित्रकाराचं घर होतं. वय पंच्याऐंशी, ज्यू, प्रशियाच्या कला अकादमीचा बारा वर्षं अध्यक्ष राहिलेला. वरून मशाली बघत तो म्हणाला म्हणे, की जेवढं ओकावंसं वाटतंय तेवढं माझ्याच्याने खाववणार नाही. दोन वर्षांनी तो वारला. बायको मार्था मागे राहिली. १९४३ मध्ये तिला छळछावणीत नेण्याची वेळ आली तेव्हा तिने विष घेतलं. अब्रू वेशीला टांगणं आपण म्हणतो. त्या रात्री एका अख्ख्या देशाने ती स्वतःच्या हाताने इथे नेऊन टांगली, आणि वर मशाल धरली, नीट दिसावी म्हणून. लीबरमानच्या घराच्या जागी आता त्याच आकाराचं नवं घर आहे. मी त्याच्या खिडक्यांकडे बघत होते तेव्हा खाली एक माणूस अस्वलाच्या वेषात उभा होता आणि फोटोचे पैसे मागत होता.

युद्धात वरच्या रथाचा चेंदामेंदा झाला. एका घोड्याचं डोकं तेवढं शाबूत राहिलं, ते संग्रहालयात आहे. पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात गमतीची वाटते. १९५० च्या दशकात शहराचे दोन तुकडे झालेले, दोन्हीकडच्या सरकारांचं एकमेकांशी बोलणं नाही; तरी दरवाजा दुरुस्त करायचं ठरलं. दगडाचं काम पूर्वेने केलं. रथ पश्चिमेने करून दिला, कारण १९४२ मध्ये, बॉम्ब पडणार या धास्तीने कोणीतरी शहाणपणाने त्याचे प्लास्टरचे साचे घेऊन ठेवले होते आणि ते पश्चिमेत होते. सख्ख्या भावांनी वाटणीवरून बोलणं टाकावं, पण आईच्या श्राद्धाला एकाने भांडी पाठवावीत आणि दुसऱ्याने चूल पेटवावी, तसं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या लोकांनी नवा रथ आणून पॅरिस चौकात ठेवला. पूर्वेच्या लोकांनी तो रातोरात हलवला आणि वर चढवण्याआधी देवीच्या काठीवरचा क्रूस आणि गरुड उतरवून टाकला. त्यांना त्यात जुन्या लष्करी प्रशियाचा वास येत होता. जर्मनी एक झाल्यावर, १९९१ मध्ये, दोन्ही परत बसले. देवी तीच. हातातली पावती तेवढी दर वेळी बदलत गेली.

नवा रथ वर चढल्यानंतर तीन वर्षांनी, १३ ऑगस्ट १९६१ ला, सरहद्द बंद झाली. इथे भिंत दरवाजाच्या पश्चिमेकडून कमान टाकल्यासारखी वळवलेली होती. इतर ठिकाणच्यापेक्षा ठेंगणी आणि चांगली रुंद. १९८९ च्या नोव्हेंबरात तिच्यावर उभी असलेली माणसं आपण टीव्हीवर बघितली ती याच तुकड्यावर, बाकीची भिंत उभं राहण्याइतकी जाड नव्हतीच. दरवाजा पूर्वेच्या बंदोबस्ताच्या पट्ट्यात अडकला. पूर्वेकडच्या साध्या माणसाला जवळ जाता येईना, पश्चिमेकडच्याला पलीकडे जाता येईना. १९६३ मध्ये केनेडी बघायला आले तेव्हा पूर्वेने खांबांच्या मध्ये लाल कापडं ताणून लावली, आरपार काही दिसू नये म्हणून. अथेन्सच्या महाद्वाराला पडदे! अठ्ठावीस वर्षं त्यातून कोणी गेलं नाही. २२ डिसेंबर १९८९ रोजी भर पावसात तो उघडला.

आता त्या भिंतीची खूण म्हणून रस्त्यात दगडी चिऱ्यांची दुहेरी ओळ बसवली आहे. लोक एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून फोटो काढतात. भाचीने माझाही काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आले. तेवढ्यात एक सायकलरिक्षा त्या ओळीवरून गेली आणि चाकांचा आवाज क्षणभर बदलला, खडखड, आणि पुन्हा गुळगुळीत. रिक्षातली म्हातारी बोलत होती ती बोलतच राहिली.

उत्तरेच्या अंगाच्या इमारतीत १९९४ पासून शांततेची एक खोली आहे. कोणत्याही धर्माची नाही. दाराशी एक वयस्क बाई बसल्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. आत काही खुर्च्या आणि भिंतीवर एक विणलेला पडदा. मी दहाएक मिनिटं बसले. बाहेरचा गिटारवाला ऐकू येत होता, पण दुसऱ्या गावाहून आल्यासारखा. नाक्यावर रात्री अण्णांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं, नऊ-दहा वर्षांची असेन. गाडी नसली की तिथे अशीच शांतता असायची. पेट्रोमॅक्सचा सूं आवाज आणि लांबवर कुत्रं. टेबलावर कधी मूठभर शेंगा, कधी गुळाचा खडा असायचा. कोणी गाडीवाला ठेवून गेलेला. अण्णा तो मला द्यायचे आणि म्हणायचे, ‘आईला सांगू नकोस.’ मी सांगत नसे. ती लाच होती की माया, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे विचारायचं धाडस झालं नाही. त्या खोलीत बसून मी त्याचाच विचार केला.

दक्षिणेच्या इमारतीत पर्यटकांसाठी माहितीचं कार्यालय आहे. काउंटरवर पंचविशीतली मुलगी होती. मी भाचीला म्हटलं, विचार हिला, जकातीचा कारकून नेमका कुठे बसायचा. भाचीने जीव मुठीत धरून विचारलं. मुलीने भुवया उंचावल्या, संगणकात काहीतरी बघितलं, मग शेजारच्या माणसाला विचारलं. दोघांनी आपसात बोलून घेतलं. शेवटी ती म्हणाली, की असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आणि हसून तिने हाताने स्वतःच्याच काउंटरभोवती एक गोल काढला. इथेच कुठेतरी.

रिकाम्या हाताने कसं निघायचं, म्हणून एक दरवाजाचं लोहचुंबक घेतलं, फ्रिजवर लावायचं. मोडीत वीस सेंटचं नाणं आलं, त्यावर पुन्हा तोच दरवाजा. मुलीने यंत्रातून निघालेली पावती फाडून माझ्या हातात दिली. अण्णांच्या हातात कोणतीही पावती आली की ते वरचं नाव वाचत नसत, आधी खालचा आकडा बघायचे. मी चष्मा वर केला. वस्तूच्या किमतीखाली कर वेगळा छापला होता. १९ टक्के.

पावती मी चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.